रोशनीच्या आईला मी काय सांगितलं

"तुले कोणी विचारलं? तुहं काम पोरीले उचलाचं अन् पुसाचं. च्या ठेव अन् बाहेर बस."

मुख्याध्यापक हे सगळ्यांसमोर बोलले. वर्गशिक्षिका होत्या, तालुक्याहून आलेले विशेष शिक्षक होते, व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'रोशनीची टीम'. मी फक्त एक वाक्य बोलले होते. "सर, तिले उत्तर द्याले वेळ लागते."

चहा ठेवला. बाहेर जाऊन बसले. मला लाज वाटली ती माझीच, त्यांची नाही. हे आज सांगताना जास्त बोचतं.

रोशनी सहा वर्षांची, पहिलीत. जन्मताना मेंदूला इजा झाली. मान सावरत नाही, हातपाय ताठतात, बोलता येत नाही. मी तिची मदतनीस. सेलूपासून आत आमचं गाव, तिथली ही शाळा. तिला खुर्चीत बसवायचं, मानेला आधार द्यायचा, शी-शू काढायची, खिचडी बोटांनी कुस्करून भरवायची. हे सगळं माझ्याकडे. तिला 'हो' म्हणायचं असलं की ती डोळे मिटते. पण लगेच नाही. विचारून गप्प बसावं लागतं. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजावं लागतं, तेव्हा कुठे पापण्या खाली येतात. विशेष शिक्षक महिन्यातून एकदा यायचे. एक चित्र दाखवायचे आणि तिनं नीट पाहायच्या आत दुसरं काढायचे. कागदावर लिहायचे, 'प्रतिसाद नाही.'

आणखी एक. तिच्या घरी गोंडी बोलतात. माझ्याही. सुरुवातीला मी तिच्याशी गोंडीतच बोलायचे, ती खुदकन हसायची. वर्गशिक्षिकेनं तोंड वाकडं केलं. "इथं ती भाषा नको बाई, बाकीच्या पोरांवर परिणाम होते." मी मुकाट्यानं बंद केलं. मग वर्गात आम्ही दोघीही मुक्या. दुपारी शिक्षक ऑफिसात डबे उघडायचे. मी पाण्याच्या टाकीजवळ बसून खायचे. कोणी हाकललं नाही, पण वर्षभरात कोणी 'ये' पण म्हटलं नाही.

त्या दिवशी बैठकीत ठरलं, मला बाहेर ऐकू आलं, की रोशनीनं शाळेत यायचं नाही. घरीच शिक्षण. पंधरा दिवसांनी विशेष शिक्षक घरी जाऊन बघतील. घर म्हणजे काय ते मला माहीत होतं. आई कापूस वेचायला गेली की ही बाजेवर, दोन्हीकडून गोधड्या लावलेल्या, दिवस मावळेपर्यंत एकटी. शाळेत यायच्या आधी पाच वर्षं ती तशीच पडून होती. पाठीवरचे चट्टे मी पाहिलेत.

तेवढ्यात मला हाक आली. आत रोशनीची आई उभी होती, कडेवर रोशनी. टेबलावर संमतीचा कागद आणि शाईचं पॅड. मुख्याध्यापकांचा आवाज एकदम गोड झाला होता.

"हिले समजूनच नाई राह्यलं. तुम्ही एकाच समाजाचे ना? सांग तुमच्या भाषेत. पोरीच्या भल्याचं हाय म्हणा. अन् अंगठा घे."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. गाढव मी. वर्षभर ज्या भाषेला वर्गात बंदी, ती आता एका अंगठ्यापुरती हवी होती. माझ्या डोक्यात सणक गेली.

मी आईला गोंडीत सांगितलं. सगळं सांगितलं. अंगठा दिलास तर पोरगी उद्यापासून घरी बसेल. नाही दिलास तरी तिला शाळेतून कोणी काढू शकत नाही. तुझी पोरगी उत्तर देते, मी रोज पाहते. आईनं हात पदरात ओढून घेतला.

"काय सांगितलं तू?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"खरं ते."

मग मी आईला खुर्चीवर बसवलं, रोशनीला तिच्या मांडीत धरायला लावलं आणि समोर जमिनीवर बसले. गोंडीतच विचारलं, तुला शाळेत यायचं का? कोणीतरी घसा खाकरला. मी हात वर केला.  पंखा तेवढा कुरकुरत होता. मी मोजत राहिले. रोशनीनं डोळे मिटले. घट्ट मिटले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"सांगूनच राह्यली होती, मॅडम. तुम्ही च्या पिऊन राह्यल्या होत्या."

कागद रद्द झाला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे. वर्गशिक्षिका माझ्याशी बोलत नाहीत. खिचडी शिजवणारी बाईसुद्धा नजर चुकवते. तिचंही पोट आहे, तिला दोष देत नाही. माझ्याबद्दल वर कळवलंय म्हणे. कधीकधी रडू येतं, खोटं कशाला बोलू. रोशनीचं नाक पुसता पुसता माझंही पुसून घेते.

पण आता वर्गात गोंडी बोलते. मोठ्यानं बोलते. तो कागद पुन्हा आला तर तिच्या आईला पुन्हा तेच सांगणार. दुसऱ्या कुठल्या आईपुढे तसला कागद आला, तर तिलाही सांगणार. मला काढायचं असेल तर काढा. तोंडी नाही, लेखी द्या. आणि कारण खरं लिहा: हिनं एका आईला कागद समजावून सांगितला.