लग्नाचं पाणी

भावजी इटलीला जाऊन आले आणि आमच्या डोक्याला ताप झाला.

हे माझे धाकटे दीर. कल्याणला राहायचे, चांगल्या नोकरीत होते. टूरबरोबर युरोपला जाणं तेव्हा आमच्या नात्यागोत्यात नवीन होतं, त्यामुळे परत आल्यावर ते घरोघरी आल्बम घेऊन फिरले. जव्हारला आमच्याकडेही आले. एक डोंगर, डोंगरावर शेकडो वर्षांपूर्वीचं गाव, गावाभोवती दगडी तटबंदी, तिला मोठाले दरवाजे, आत दगडी गल्ल्या, आणि खाली नजर जाईल तिथपर्यंत द्राक्षांचे मळे. प्रत्येक फोटोत भावजी कमरेवर हात ठेवून मध्यभागी उभे. गावाचं नाव त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं.

खोटं कशाला बोलू, मला ते फोटो आवडले. डोंगर आपल्यासारखाच होता, दगडही आपल्यासारखेच. एका फोटोत दारात बसून एक म्हातारी शेंगा सोलत होती, अगदी माहेरी साखरशेतला माझी आई बसायची तशी. मी विचारलं, "ह्या आजींशी काही बोललात का?"

"छे! भाषा कुठे येते आपल्याला? पण वहिनी, स्वच्छता काय सांगू! एक कागद दिसणार नाही खाली. त्या भिंतीला टेकायचीसुद्धा भीती वाटते, इतकं जपतात लोक."

हे सांगताना ते भाजलेल्या शेंगा खात होते आणि टरफलं माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर टाकत होते. मी केरसुणी आणून त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी पाय वर घेतले आणि पुढचं पान उलटलं.

त्याच मे महिन्यात ते पुन्हा आले, ह्या वेळी ऑफिसमधले दोन मित्र आणि एक सुमो गाडी घेऊन. "वहिनी, तुमच्याकडेही एक गड आहे म्हणे. बघू तरी आपल्या लोकांनी काय दिवे लावलेत."

त्या गडाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. उगाच आणखी कोणी साबण घेऊन तिकडे जायला नको.

आमच्या ह्यांना पंचायत समितीत काम होतं, म्हणजे ते दर वेळी असतंच. गडाखालच्या पाड्यावरच्या शाळेत मी कित्येक वर्षं शिकवलं होतं, तेव्हा वाट दाखवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आधी गाव बघणं झालं. राजवाड्यासमोर भावजी म्हणाले, "तिकडे असता तर कसा ठेवला असता!" बाजारात सुकी मासळी घेऊन बसलेल्या बायकांपुढून जाताना तिघांनी नाकाला रुमाल लावले. एका बाईने ते बघितलं आणि मासळीवरचं फडकं ओढून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आदल्या रात्री माझ्याच घरी हेच भावजी सुकटाची चटणी तीनदा मागून खाऊन, बोटं चाटून उठले होते!

पाड्याच्या अलीकडे रस्ता संपतो. गाडी तिथे लावली. पेरणीआधी पाला जाळून भाजलेली खाचरं काळी पडली होती, बांधावर करवंदं पिकली होती. मित्रांपैकी जो जाडा होता तो करवंदं तोडण्याऐवजी फांद्याच मोडत होता. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण मला समोर माझ्या विद्यार्थिनीची आई दिसली.

तिच्या पोरीला मी पहिलीपासून चौथीपर्यंत शिकवलं होतं. आता त्या पोरीचं लग्न परवावर आलं होतं. नवरा मोखाड्याकडचा, पोशेऱ्याचा. वऱ्हाड यायचं होतं आणि आई सारवणात बुडाली होती. हात शेणाने भरलेले, तरी धावत आली. "बाई, परवाला नक्की ये. तू नय आली त पोर रुसंल." पाड्यावर सगळे मला असंच अगंतुगं करत. माझ्या माहेरच्या बोलीतही सासू-सासऱ्यांना तूच म्हणतात. भावजींच्या भुवया मात्र वर गेल्या.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. गडावर कातळात खोदलेली टाकी आहेत. उन्हाळ्यात त्यातल्या दोनांतच पाणी राहतं. पाड्याची विहीर होळीनंतर तळ दाखवते, मग बायका हंडे घेऊन गडावर चढतात आणि मोठ्या टाक्यातलं पाणी आणतात. लहान टाक्याला कोणी हात लावत नाही. त्याला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, वर जांभळीची डहाळी खोवतात. ते लग्नाचं पाणी. त्या उन्हाळ्यात ज्या घरात लग्न असेल त्या घराचं. जीव गेला तरी पाड्यावरचं माणूस त्यात ओंजळ घालणार नाही. वऱ्हाड आलं की मांडवाबाहेर त्याचे पाय धुवायचे, पाणी पाजायचं, आणि मगच ते आत येतं. पाणी नसेल तर वऱ्हाड बाहेरच उभं. पोरीच्या आईची मान कायमची खाली.

हे सगळं मी तिघांना पायथ्याशी सांगितलं. शाळेत सांगते तसं, पुन्हा म्हणायला लावून. "लहान टाक्याला हात लावायचा नाही."

भावजी हसले. "अहो वहिनी, आम्ही काय अडाणी आहोत?"

गड त्यांना आवडला नाही. दरवाज्याची कमान कुठाय? पडली. तट कुठाय? हा काय, तुम्ही उभे आहात त्याच्यावरच. खरं तर तिथून काय दिसतं, देवा! डोंगरामागे डोंगर, मधल्या घळीत एखादं हिरवं झाड, खाली पाड्याची कौलं आणि नव्या मांडवाचा हिरवा पाला. मी त्यांना मांडव दाखवला. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या दुसऱ्या मित्राने विचारलं, "इथे कोल्ड्रिंक मिळत नाही का?"

मी तटावर टेकले. गुडघे बोलायला लागले होते. ते तिघे म्हणाले, आम्ही जरा पलीकडे बघून येतो. थोड्या वेळाने मोठ्याने खिदळणं ऐकू आलं, आणि त्याबरोबर पाण्याचा धबाक आवाज.

मी धावत गेले. काटेरी फांद्या बाजूला भिरकावलेल्या. जांभळीची डहाळी खाली तुडवलेली. आणि लहान टाक्यात तिघे चड्डीवर उतरलेले! जाडा छातीला साबण चोळत होता, हिरवा, वासाचा साबण. कॅमेरेवाला तोंडात पाणी घेऊन चुळा भरत होता आणि चुळा परत टाक्यातच टाकत होता. पाण्यावर फेसाची साय धरलेली. आणि भावजी पायाच्या बोटांमधला मळ काढत होते.

"या वहिनी, काय गार पाणी आहे! त्या मोठ्या टाक्यात नुसता गाळ. हे एकदम स्वच्छ."

कोणी हात लावला नव्हता म्हणून स्वच्छ होतं, मेल्यांनो! शी! आजही तो वास नाकातून जात नाही.

"बाहेर या," मी ओरडले. "आधी बाहेर या! जनाची नाही तर मनाची तरी बाळगा! काय सांगितलं होतं मी?"

"एवढं काय झालं? फेस जाईल थोड्या वेळाने. साबण खाली बसतो, वरवरचं घ्यायचं."

हे त्यांचं उत्तर. पदवीधर माणूस. वरवरचं घ्यायचं!

माझा आरडाओरडा ऐकून मोठ्या टाक्यावरच्या बायका आल्या. त्यांच्यात पोरीची आईही होती, सारवणाला पाणी न्यायला आलेली, डोक्यावर रिकामा हंडा. तिने टाक्याकडे बघितलं, मग त्या तिघांकडे, मग माझ्याकडे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती हंडा उतरवून कातळावर बसली.

"बाई, आता पोरीचा लगीन कसा होल?"

भावजींनी तोवर पँट चढवली होती. अंगात शर्ट आला तसा रुबाबही आला. म्हणाले, "काळजी करू नका. जव्हारला जातो आणि उद्या सकाळी टँकर पाठवतो. आपला शब्द आहे." जाड्याने मान डोलावली. मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, "टँकर नाही आला तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाही." त्यावर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही पण ना, फारच मनाला लावून घेता."

मला घरी सोडून ते टँकरवाल्याकडे म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, लग्नाच्या दिवशीही नाही. दुसऱ्या दिवशी मी जव्हारच्या टँकरवाल्याकडे स्वतः गेले. तो म्हणाला, असं कोणी काही बोललेलंच नाही, आणि गाड्या सगळ्या मोखाड्याकडे लागलेल्या. कल्याणला फोन लावला तर जाऊबाईंनी घेतला. "ते झोपलेत हो, प्रवासाने फार दमलेत."

लग्नाच्या दिवशी सकाळी मी पाड्यावर पोचले. मांडवात भांडी ओळीने मांडलेली. पाड्यावरच्या प्रत्येक घरातून बाईने आपल्या रोजच्या पाण्याचा हंडा आणून दिला होता. स्वतःच्या पोरांना घोटभर ठेवून बाकी सगळं मांडवात. मोठ्या टाक्यातलं गढूळ पाणी लुगड्याच्या चार पदरांतून गाळून घेतलेलं. पिण्यापुरतं आणि भातापुरतं निघालं. पाय धुवायला मात्र काहीच उरलं नाही. म्हणून मग पाय धुवायला त्यांनी लहान टाक्यातलं पाणी आणलं होतं. दुसरं होतंच काय?

वऱ्हाड दुपारी आलं. पोशेऱ्याहून टेम्पोने, आणि शेवटची वाट उन्हात चालून. मांडवाबाहेर मुलाचा बाप पुढे झाला. उंच, वाळलेला, धुळीने पाय पांढरे झालेले. पोरीची आई तांब्या घेऊन वाकली आणि तिने त्याच्या उजव्या पायावर पाणी ओतलं. त्याने नाक मुरडलं.

"पान्याला साबूचा वास कसा येतं?"

सनईवाला थांबला. पोरीच्या आईने मान वर केली नाही. "ढोरा उतरली टाक्यात," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाचवायला खोटं बोलत होती, हे मला लगेच कळलं. माझा दीर म्हणून! बाईची लाज जाऊ नये म्हणून ती स्वतःच्या पोरीचं लग्न पणाला लावत होती.

"ढोरा काय साबू लावतात?" तो म्हणाला. मागे कोणीतरी हसलं, पण तो हसला नाही. त्याने धुतलेला पाय मागे घेतला. पाठीमागचं वऱ्हाडही एक पाऊल मागे सरकलं.

माझ्याने राहवेना. "ढोरं नव्हती," मी म्हटलं. "माझा दीर होता. दीर आणि त्याचे मित्र. तुमच्या लग्नाच्या पाण्यात आंघोळ करून गेले. हिचा काही दोष नाही."

"तुला कोनी इचारला?" पोरीची आई माझ्यावरच खेकसली. तिचे डोळे भरले होते.

मुलाच्या बापाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्या इस्त्रीच्या साडीकडे, पर्सकडे. मग त्याने गडाकडे बघितलं, मांडवातल्या हंड्यांच्या ओळीकडे बघितलं. आणि डावा पाय पुढे केला.

"धू," तो म्हणाला. "उन्हाचा उभा हाय."

पोरीची आई पदराने डोळे पुसत राहिली. मी तिच्या हातातून तांब्या घेतला, साडी खोचली, धुळीत बसले आणि त्याचा पाय धुतला. टाचा भेगाळलेल्या, नखं काळी पडलेली, पण त्या पायाची मला काही किळस आली नाही. पाणी मात्र बोटांना बुळबुळीत लागत होतं. ते हातावरून ओघळत होतं, आणि मला माझ्या घरच्या माणसाची किळस येत होती.