शंभर पावलांच्या आत

बाळांनो, बोअर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण तुमच्या तिकडे नळाला पाणी कुठून येतं हे कुणाला विचारावं लागत नाही. जमिनीत वीतभर रुंदीचं भोक यंत्राने खोल खोल पाडत न्यायचं आणि पाणी लागलं की आत मोटार सोडायची. विहिरीचं पाणी वाकून पाहता येतं. बोअरचं दिसत नाही, आणि ते कुठून ओढलं जातंय हेही दिसत नाही.

आम्ही तेव्हा आष्टीला राहत होतो. मी तिथे शाळेत इंग्रजी शिकवत असे. आमच्या घराच्या खालच्या अंगाला गल्लीची जुनी विहीर होती, पण गाळाने भरलेली. लोक तिच्यात निर्माल्य टाकत, केर टाकत. आमच्या परसात लहानसा आड होता. त्याला पाणी कमी, पण दोन माणसांना पुरे. गल्लीतल्या बऱ्याच घरांना तेवढंही नव्हतं. त्या बायका उन्हाळ्यात शिवारातल्या विहिरींवरून डोक्यावर पाणी आणत.

समोरच्या शिंप्याची थोरली मुलगी माझी विद्यार्थिनी. इंग्रजीत जेमतेम पास झालेली. बारावीनंतर ती घरीच होती आणि बापाला काजं-बटणं करून देत असे. एका उन्हाळ्यात तिने गल्लीतली पंधरा-सोळा पोरं-पोरी जमवली आणि विहीर उपसायला काढली. पोरं आत उतरून घमेली भरत आणि वर पोरी दोर ओढत. ओट्यावर बसलेले म्हातारे चेष्टा करत.

"काय गं, खजिना लागला का न्हाई अजून?"

"लागला की, काका. तुमची हरवलेली चप्पल लागली. एकच हाय. दुसरी शोधून राह्यलो."

तीन आठवड्यांनी झरे मोकळे झाले. ती मुलगी चिखलाने माखलेली आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पाणी!"

पुढचा विचारही तिचाच. "बाई, नुसतं उपसून भागत न्हाई. बाजूला कुणी बोअर मारला की आपलं पाणी गेलं. मंग काय करायचं? तुम्ही कागद करून द्या."

मी कागद करून दिला. नीट समास सोडून, कलमं पाडून. विहिरीपासून शंभर पावलांच्या आत कुणीही बोअर घेणार नाही, असं पहिलंच कलम होतं. खाली पहिली सही माझी. पोरांनी शंभर पावलांचा दोर केला, तो घरांच्या सपाट माळवदांवरून सरळ ताणून नेला आणि जिथे संपला तिथे भिंतींवर गेरूच्या खुणा केल्या. आमचं परस खुणेच्या आत होतं. मला ते माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी तुमची आई पहिल्या बाळंतपणासाठी घरी येणार होती. बाळा, तुझ्यासाठी. पण हे तुझ्यामुळे झालं असं मुळीच समजू नकोस. बाळंतिणीला लागून लागून किती पाणी लागतं? एक-दोन घागरी विहिरीवरून कुणीही आणून दिल्या असत्या. मला न्हाणीघरात नळ हवा होता. औरंगाबादला बहिणीकडे होता, तसा. व्याही येतील तेव्हा त्यांना हौदातून तांब्याने पाणी घ्यावं लागू नये, एवढंच मनात होतं.

मग मी एका सकाळी विहिरीपासून आमच्या फाटकापर्यंत पावलं मोजली. दोर गेला होता तशी सरळ नाही, गल्लीच्या रस्त्याने, दोन वळणं घेऊन. एकशे अठरा भरली. खात्री करायला पुन्हा मोजली. पुन्हा एकशे अठरा. घरी येऊन तुमच्या आजोबांना म्हटलं, "आपण नियमात बसतो." ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुला बसायचंच असेल तर बसतो." एवढ्यावर मी गाडी बोलावली.

बोअरची गाडी दिवसभर गल्लीत आवाज करत होती. पांढरी धूळ सगळ्यांच्या वाळवणावर बसली. संध्याकाळी पाणी लागलं आणि ती मुलगी आली. मी तिला एकशे अठराचा हिशोब समजावून सांगितला.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाई, पाणी रस्त्यानं जातं का?"

मी म्हटलं, "मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नव्हे."

तिने मान खाली घातली आणि "चुकलं, बाई" म्हणून ती गेली. माझ्या एकाही विद्यार्थ्याची माफी मी इतक्या सहज स्वीकारली नसेल.

विहिरीत पोरांनी एक खुणांची काठी बांधली होती. ती मुलगी रोज जाऊन पाणी कुठवर आहे ते वहीत लिहायची. आमची मोटार सुरू झाल्यापासून पाणी भराभर उतरलं. मे महिन्यात तळाशी चिखल राहिला. गल्लीतल्या बायका पुन्हा शिवारात जायला लागल्या. मला खिडकीतून त्या दिसत. तेव्हा मी भिंतीतून नळी काढून बाहेर एक तोटी बसवली आणि सकाळी तासभर पाणी सोडू लागले. नंबरांचे पुठ्ठेसुद्धा केले, म्हणजे भांडणं नकोत. बायका माझ्या पाया पडत. "बाईंमुळं दिवस निघाले," म्हणत. त्यांचंच पाणी मी त्यांना रांगेत उभं करून देत होते, आणि रांग सरळ राहते याचा मला आनंद वाटत होता.

पाऊस झाला, विहीर पुन्हा भरली. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या शेठजींनी जाहीर केलं की दिवाळीनंतर तेही बोअर घेणार. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती तिथेच, खुणेच्या आत, आणि माणूस काही वाईट नव्हता. "बाईंनी घेतला तर बराबर, आम्ही घेतला तर पाप, असं कसं?" ते म्हणाले. त्यांच्यामागे आणखी चौघे तयारच होते.

मुलगी माझ्याकडे आली. या वेळी ती ओट्याच्या खालीच उभी राहिली. "बाई, पंधरा ऑगस्टला ग्रामसभा हाय. तिथं तुम्ही एकच वाक्य बोला. माझा बोअर शंभर पावलांच्या आत हाय, माझी चूक झाली. बस. तुम्ही बोललात की शेठजी थांबतील, बाकीचेबी थांबतील. मोटार बंद करा म्हणत न्हाई मी."

मी "बोलेन" म्हटलं. खरंच बोलणार होते. आदल्या दिवशी ते वाक्य मी मनातल्या मनात पाठ केलं.

सभेत झेंडावंदनानंतर सरपंचांनी माझं नाव पुकारलं. गल्लीला पाणी दिल्याबद्दल सत्कार! शाल, नारळ, टाळ्या. मला आधी काहीच कल्पना नव्हती, हे तेवढं खरं आहे. बायका पुढे बसल्या होत्या. शेठजींनी उठून टाळ्या वाजवल्या. मुलगी मागे पोरांबरोबर उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, आता बाई बोलतील. सगळे ऐकायला बसलेत, यापेक्षा चांगली वेळ कोणती?

मी बोलले. पाणी म्हणजे जीवन, सहकार्याने काय होऊ शकतं, तरुण पिढीचं मला किती कौतुक वाटतं, असं बरंच बोलले. व्याकरण निर्दोष होतं. ते एक वाक्य बोलले नाही.

सभा संपल्यावर लोक भेटायला येत राहिले. मी खुर्चीत शाल घेऊन बसले होते. मुलगी जवळ आली. मला वाटलं, आता विचारेल.

"उठता का, बाई? खुर्च्या मोजून परत द्यायच्यात."

दिवाळीनंतर शेठजींचा बोअर झाला. वर्षभरात गल्लीत सहा झाले. विहीर होळीच्या आधीच आटायला लागली, तेव्हा पोरांनी दोर, काठी, वही सगळं आवरलं. मग आमचाही बोअर आटला. आजोबांनी तो आणखी खोल नेला, तोही आटला. त्या मुलीचं लग्न भोकरदनकडे झालं. आम्ही पुढे औरंगाबादला आलो.

बऱ्याच वर्षांनी राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या रांगेत ती मला भेटली. कडेवर पोर होतं. तिनेच ओळखलं आणि गर्दीतून वाकून नमस्कार केला. तिच्या सासरच्या गावात बायकांनी मिळून गावतळ्याचा गाळ काढायला घेतला होता. ते सांगताना तिचा आवाज विहिरीवरच्यासारखाच मोठा झाला. मग म्हणाली, "बाई, तुमचा बोअर शेवटी किती फुटांवर गेल्ता?"

टोमणा नव्हता. आमच्या तळ्याजवळ लोक बोअर मारायचं म्हणून राह्यलेत, त्यांना सांगायला आकडा पाहिजे, ती म्हणाली.

मी आकडा सांगितला. तिने तो पुटपुटत दोनदा म्हटला, लक्षात राहावा म्हणून. माझं ते वाक्य अजून पाठ होतं. ऐकायला तिच्याशिवाय कुणी ओळखीचं नव्हतं, कुणी टाळ्या वाजवणार नव्हतं. मी तिच्या पोराच्या गालाला हात लावला आणि त्याचं नाव विचारलं.

"आजी, चला की पुढं," मागून कुणीतरी म्हणालं. मी पुढे गेले.