जिन्यात अडकलेला सोफा सेट

हे आत्ताच्या आत्ता सांगते, कारण ताई आंघोळीला गेलीय आणि तिने वाचलं तर पोस्ट करू देणार नाही.

आम्ही अंबरनाथला, बुवापाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. रविवारी ताईला बघायला बदलापूरचे लोक येणार होते. मुलगा ताईला आधीच आवडलेला, दोघं एकाच कंपनीत. प्रश्न त्याच्या आईचा. तिने आधी दोन मुली नाकारलेल्या, म्हणून ताई आठवडाभर धड जेवत नव्हती. आणि पप्पांच्या डोक्यात बसलं की आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या बघून ती तिसरा नकार देणार. सोफा सेट पाहिजेच.

मग मी आणि पप्पा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये. दुकानदार सिंधी काका, टेप वापरतच नाहीत. वितीने सोफा मोजला आणि म्हणाले, "साईं, आपके दरवाजे में आराम से सेट हो जाएगा." दरवाजा पप्पांनी मोजलेला होता. जिना कोणीच मोजला नव्हता.

आमच्याकडे 'सेट' कशालाही चालतो. कपांचा सेट असतो, मम्मी केस सेट करते, दही नीट लागलं की सेट झालं, नोकरीवाला मुलगा म्हणजे लाईफ सेट. त्यामुळे सोफा पहिल्या मजल्याच्या वळणावर अडला तेव्हा टेम्पोवाले, पप्पा, अख्खी बिल्डिंग एकच म्हणत होती, जरा फिरवा, सेट होईल. फिरवला. भिंत आणि कठड्याच्या मध्ये पाचरीसारखा बसला. वर जाईना, खाली येईना. टेम्पोवाल्यांना दुसरं भाडं होतं, ते गेले.

तेवढ्यात पाहुणे. मुलाची आई गुडघे धरत वळणापर्यंत आली, सोफा बघितला आणि बसली.

"घर वर आहे," पप्पा म्हणाले.

"असू दे, इथे वारा आहे."

मम्मीने ढोकळा सोफ्याच्या पाठीवरून दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दळणाचा डबा घेऊन "जरा पाय घेता का" म्हणत सोफ्यावर चढून पलीकडे गेल्या. मुलगा खाली पायरीवर उभा, मान खाली.

ताई वर गेली, पाना आणला, नवी साडी खोचली आणि खाली वाकून सोफ्याचे पाय खोलायला लागली.

"मी उठू का गं?" त्याच्या आईने विचारलं.

"नको काकू, बसून राहा. तुमच्या वजनाने हलत नाही."

मग तिने हात पुढे केला आणि ताई तिच्या तळहातावर एकेक बोल्ट ठेवत गेली. चौथा पाय निघाला आणि सोफा तिच्यासकट खस्सकन चार बोटं खाली आला. पप्पांनी डोळे मिटले.

"आमच्याकडे एक कपाट दोन वर्षं दाराबाहेर उभं आहे," ती म्हणाली. "घरात तीन पुरुष. एकाला सुचलं नाही पाय काढायचं." मग मुलाकडे वळून, "तू काय बघतोस, उचल की. आणि तारीख काढा आता."

तुमच्याकडे कोणाचं लग्न असं जिन्यात जमलंय का? खरं सांगा, की हे फक्त आमच्याच घरी होतं?