ग्रानोसचा सत्तावीस नंबर

लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून माझी खोली आणि तिच्या पुढची हेमचंद्र घाडीगावकरची. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. हेमचंद्र माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, चौपन्न वर्षांचा. बायको कमल, धाकटा भाऊ वैभव आणि तो, असं तिघांचं घर. गेल्या सप्टेंबरपासून या मे महिन्यापर्यंत त्या घरात जे झालं, त्यात थोडा हात माझाही आहे. म्हणून लिहायला बसलो.

हेमचंद्र पोटासाठी छापखान्यात होता आणि जिवासाठी कबड्डीत. खेळायचा नाही. तो गुणलेखक. मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसायचा आणि कोणी चढाई केली, कोणी पकड केली, बोनस मिळाला की नाही, सगळं कागदावर उतरवायचा. परळ, नायगाव, प्रभादेवी, कुठेही स्पर्धा असली की आयोजक आधी त्यालाच विचारायचे. समोर सख्खा भाऊ खेळत असला तरी हेमचंद्रच्या गुणपत्रकावर कधी कोणी बोट ठेवलं नाही.

तो सख्खा भाऊ म्हणजे वैभव. आमच्या भागातला नावाजलेला चढाईपटू. सोळा वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी, एका अंतिम सामन्यात तो डोक्यावर आपटला. मेंदूत रक्त साकळलं, ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला आणि बोलणं संथ झालं. एकेक शब्द शोधून काढावा तसं तो बोलतो. गणपतीचे दहा दिवस घराची खिडकी बंद ठेवून, कानात कापूस घालून काढतो. हेमचंद्रने त्या दिवसानंतर गुणलेखन सोडलं. भावाला बघवत नसेल, असं आम्ही सगळे समजलो.

छापखाना बंद झाल्यावर वर्षभर तो घरीच होता. वडाळ्याला राहणाऱ्या त्याच्या बहिणीची, दर्शनाची, मुलगी स्पृहा परळच्या एका कंपनीत काम करते. परदेशातल्या सामन्यांची चित्रफीत बघून प्रत्येक हालचालीची संगणकात नोंद करायची, हे त्या कंपनीचं काम. तिने मामाला तिथे चिकटवला. मुलाखतीत त्याने आपली जुनी गुणपत्रकं दाखवली. टीम लीडर यशोधन, वय अठ्ठावीस, ती बघून म्हणाला, "काका, तुम्ही उद्यापासूनच या."

त्याच्या वाट्याला स्वीडनची आइस हॉकी आली.

"मास्तर, बर्फाची लादी मी फक्त मासळीबाजारात बघितली," पहिल्या आठवड्यात तो मला म्हणाला. "इथे त्याच्यावर माणसं पळतात. पळतात म्हणजे काय, गोळीसारखी सुटतात. रबराची काळी चकती आहे, ती दिसतच नाही. माणसांच्या खांद्यांवरून ओळखायचं ती कुठे आहे ते."

पण महिन्याभरात त्याची नजर बसली. सामने तिथे संध्याकाळी व्हायचे. हा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बसून ते पुढे-मागे करत नोंदवायचा. फटका, पास, धडक, शिक्षा. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. वरच्या लीगमध्ये चौदा संघ, प्रत्येकाचे बावन्न सामने, सप्टेंबर ते मार्च. त्याला नेमून दिलेला क्लब होता ग्रानोस. उत्तरेकडचं लहानसं गाव, लाकडाच्या कारखान्यांचं. नोव्हेंबरपर्यंत तो संघ तेराव्या नंबरला घसरला होता. शेवटच्या दोन संघांना मोसम संपल्यावर एकमेकांशी खेळावं लागतं आणि हरणारा खालच्या लीगमध्ये जातो. संध्याकाळी गॅलरीत उभा राहून हेमचंद्र हे मला अशा काळजीने सांगायचा, जणू ग्रानोस आपल्या भोईवाड्याच्या पलीकडेच आहे.

त्या संघात सत्तावीस नंबरचा बचावपटू होता, ब्योर्कवाल. तेहतीस वर्षांचा, दाढीवाला, संघाचा आधार. नोव्हेंबरच्या शेवटी एका सामन्यात तो चकती घेऊन कडेच्या फळ्यांजवळ वळत असताना समोरच्याने त्याला खांद्याने उडवलं. डोकं फळीवर आदळलं. तो उठला, हेल्मेट सारखं केलं, आणि विरुद्ध संघाच्या बाकाकडे निघाला. तिथल्या एकाने हसून त्याला हाताने वळवलं. समालोचकही हसले.

हेमचंद्र त्या दिवशी घरी आला तो जेवलाच नाही, असं कमल नंतर म्हणाली.

ब्योर्कवाल दोन सामने बाहेर बसला आणि तिसऱ्याला परत आला. तेव्हापासून हेमचंद्र त्याच्या मागेच लागला. सत्तावीस नंबर डावीकडे उशिरा वळतो. उठताना फळीला हात लावतो. शिट्टी झाली की डोळे मिटून घेतो. या गोष्टींना संगणकात रकानाच नव्हता. शेवटी एक शेऱ्याची जागा असे, तिथे हेमचंद्र लिहू लागला. दोन आठवड्यांनी यशोधनने त्याला बोलावलं.

"काका, शेरे लिहू नका. ते पुढे जातच नाहीत, इथेच डिलीट होतात. आपण काय झालं ते सांगतो. का झालं, ते त्यांचे डॉक्टर बघतील."

"डॉक्टर बघत असते तर तो खेळला नसता."

"ते आपलं काम नाही, काका."

जानेवारीत एका रविवारी तो माझ्याकडे आला. हातात दुरेघी वहीचं पान, त्यावर चौदा नोंदी: सामन्याची तारीख, मिनिट, सेकंद आणि काय दिसलं.

"मास्तर, मला याचं इंग्रजीत पत्र करून द्या. क्लबच्या वेबसाइटवर पत्ता आहे."

"कंपनीने तुझ्याकडून सही घेतली असेल ना, बाहेर काही जाणार नाही म्हणून?"

"घेतलीय."

"मग नोकरी जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला. एवढ्या सहज की मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं. "तुम्ही लिहा."

मी लिहिलं. मी डॉक्टर नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. पत्र त्याच्या नावाने, माझ्या संगणकावरून गेलं.

उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी यशोधनने त्याला काचेच्या खोलीत नेलं. क्लबने कंपनीकडे तक्रार केली होती: तुमचा माणूस आमच्या खेळाडूच्या प्रकृतीविषयी पत्रं कशी पाठवतो? हेमचंद्रने हो म्हटलं. यशोधनने उठून दार लावून घेतलं.

"मलाही दिसलं होतं, काका," तो म्हणाला. "डिसेंबरातच. पण माझ्याखाली चाळीस माणसं आहेत."

संध्याकाळपर्यंत हेमचंद्रचा कंपनीत जायचा पास जमा झाला, नोकरी संपली.

आणि त्याच आठवड्यात स्पृहाचा फोन आला. "मामा, सत्तावीस नंबर आजच्या यादीत नाहीये. क्लबने जाहीर केलंय, शरीराच्या वरच्या भागाला दुखापत." तिकडे एवढंच सांगतात म्हणे, मग खांदा असो की डोकं. पुढच्या सामन्यातही तो नव्हता. त्याच्याही पुढच्यात नव्हता.

मला झालेला आनंद मी काय सांगू! पस्तीस वर्षं शाळेत अर्ज-विनंत्या शिकवल्या, पण माझ्या एखाद्या पत्राने काही हललेलं पहिल्यांदाच पाहिलं. मी तडक त्याच्या घरी गेलो. कमल भाकऱ्या भाजत होती, हेमचंद्र खिडकीशी उभा होता. वैभव खाटेवर बसून डाव्या हाताने लसूण सोलत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं; नोकरी सुटली एवढंच घरात सांगितलेलं. मी मोठ्या तोंडाने सगळी हकीकत सांगितली आणि वर म्हणालो, "वैभव, तुझ्या दादाने एका माणसाचा जीव वाचवला. तिथल्या डॉक्टरांना जे दिसलं नाही, ते याने लालबागमधून पहिल्याच धडकेला ओळखलं."

वैभवने पाकळी खाली ठेवली. "कसं... ओळखलंस, दादा?"

हेमचंद्र माझ्याकडे बघत होता. ती नजर मला तेव्हा कळायला हवी होती.

"तो दुसऱ्या संघाच्या बाकाकडे गेला," तो म्हणाला.

"मग?"

कमलने गॅस बंद केला.

"मग काय, दादा?"

"तूही गेला होतास," हेमचंद्र म्हणाला. "मधली रेषा ओलांडून त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलास. त्यांच्या चढाईवाल्याचा गुडघा तुझ्या कानशिलावर बसला होता, त्यानंतर. लोक हसले. सात मिनिटं राहिली होती. मी टेबलावर होतो."

"तुला... दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग पंचाला..."

"तुम्ही दोन गुणांनी पुढे होतात. मी सामना थांबवला असता तर लोक म्हणाले असते, भावासाठी वेळ काढतोय. गुणलेखकाने बोलायचं नसतं, असं मी तेव्हा..."

त्यानंतर तीन मिनिटांनी वैभव चढाईला गेला होता आणि चौघांनी मिळून त्याला खाली घेतलं होतं. एवढं आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. आधीचं कोणालाच माहीत नव्हतं.

वैभवचा चेहरा मी विसरणार नाही. तो रागावलेला नव्हता. हिशेब चुकलेल्या माणसासारखा दिसत होता. "मी सोळा वर्षं धरून चाललो," तो अडखळत म्हणाला, "की कोणाला... कळलंच नाही. कोणाचा दोष नाय. आणि तू त्या... त्या गोऱ्याला पत्र लिहिलंस."

कमल मधे पडली. "वैभव, असं नको रे बोलूस."

"वैनी, तू गप."

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शना टॅक्सी घेऊन आली आणि तो तिच्याबरोबर वडाळ्याला गेला. माझ्या दारावरून गेला तेव्हा मी उठून उभा राहिलो. त्याने नुसती मान हलवली. मी तोंड उघडलं नसतं तर, हे मी त्या दिवसापासून किती वेळा मनात म्हटलं असेल! हेमचंद्रने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

फेब्रुवारी तसाच गेला. हेमचंद्र रोज एकदा वडाळ्याला फोन करायचा. दर्शना सांगायची, जेवला, औषध घेतलं, तुझ्याशी बोलायचं नाही म्हणतो. मार्चमध्ये मिरचीचा मोसम सुरू झाला आणि त्याला मसाल्याच्या गल्लीत एका दुकानात काम मिळालं. गिऱ्हाइकांच्या पिशव्यांना चिठ्ठ्या लावायच्या: नाव, किती किलो, मालवणी की गोडा, कधी न्यायचा. घरी यायचा तो डोळे लाल आणि अंगाला तिखटाचा वास. डोळे कशाने लाल झालेत हे विचारायची सोय नव्हती.

ब्योर्कवालशिवाय ग्रानोसचा बचाव पार कोलमडला. ते तेरावेच राहिले आणि चौदाव्या नंबरच्या संघाशी झुंजीला उतरले. चार सामने आधी जिंकेल तो वाचेल. मी स्पृहाला निकाल विचारत असे. हेमचंद्र विचारत नसे, पण मी सांगताना कान देऊन ऐके. तीन-तीन बरोबरी झाली. सातव्या सामन्यात ग्रानोस जादा वेळेत एका गोलने हरला. एकोणीस वर्षांनी क्लब खालच्या लीगमध्ये गेला.

"सगळं गाव रडत होतं म्हणे," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

"रडणारच," हेमचंद्र म्हणाला. "त्याला खेळवला असता तर कदाचित वाचले असते. ते त्यांनाही माहीत आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "तरी मी परत पाठवलं असतं पत्र."

एप्रिलच्या अखेरीस ब्योर्कवालने खेळ सोडल्याचं जाहीर केलं. स्पृहाने ती बातमी फोनवर भाषांतर करून दाखवली. डोकं दुखतं, मुलांचा आवाज सहन होत नाही, असं त्याने सांगितलं होतं. पत्राचा उल्लेख नव्हता. ते त्याच्यापर्यंत पोचलं का, हे आजही आम्हाला ठाऊक नाही.

ती बातमी स्पृहाने आपल्या धाकट्या मामालाही वाचून दाखवली असणार. कारण मेच्या पहिल्या आठवड्यात वैभव परत आला. एकटाच, हातात कापडी पिशवी. जिने चढून दमला होता म्हणून माझ्या दारातल्या स्टुलावर बसला आणि हेमचंद्र दुकानातून येईपर्यंत तिथेच बसून राहिला.

भावाला बघून हेमचंद्र जिन्यातच थांबला.

"त्या माणसाचं," वैभव म्हणाला, "तू चौदा ठिकाणी लिहिलंस. मिनिट, सेकंद. स्पृहा म्हणाली."

"हो."

"माझं लिही. मला त्या दिवसाचं... काय नाय आठवत. सकाळी चहा प्यालो, मग हॉस्पिटल. मधलं नाय. तुला सगळं आठवतं ना?"

"सगळं."

"मग लिही. काय सोडू नको."

हेमचंद्रला तीन दिवस लागले. दुकानातून आला की लिहायचा. नऊ पानं झाली. तिसऱ्या दिवशी वैभवने मलाही बोलावलं आणि हेमचंद्रला मोठ्याने वाचायला लावलं. कोणत्या मिनिटाला कोण बाद झालं, वैभवने किती गुण घेतले, गुडघा कुठे बसला, तो कुणीकडे चालत गेला, आणि टेबलावरच्या माणसाने काय बघितलं आणि काय केलं नाही. वाचताना हेमचंद्र दोनदा ओळ चुकला. वैभवने त्याला पाणी दिलं, पण थांब म्हणाला नाही. एके ठिकाणी मात्र त्याने हात वर केला.

"माझ्या किती चढाया झाल्या म्हणालास?"

"अकरा."

"किती फुकट?"

"दोन."

वैभव पहिल्यांदाच थोडं हसला. "चांगला खेळत होतो."

"फार चांगला."

वाचून झालं. मग वैभव म्हणाला, "आई आली होती काय?"

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. हेमचंद्रने पानं खाली ठेवली. "आली होती. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या ओळीत. दर्शनाबरोबर."

"ते नाय लिहिलंस."

"नाही लिहिलं."

"लिही," वैभव म्हणाला. "आणि दादा, मी माफ-बिफ काय केलेलं नाय. ते वेगळं."

"माहीत आहे मला," हेमचंद्र म्हणाला आणि दहावं पान घेतलं.