पन्नास एकरांचे राज्य आणि एक तास

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉल्नीच्या टोकाला उभे राहिले की समोर पील बेट दिसते. पडका किल्ला, चार घरे आणि एक पब, सारे मिळून पन्नासेक एकर. एवढ्याशा जागेला स्वतःचा राजा आहे, असे मुलीने तिच्या कॉव्हेंट्रीच्या घरी सांगितले तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला होता. मी निवृत्त भूगोल शिक्षक. ते बेट न बघता साताऱ्याला परतणे मला शक्यच नव्हते.

बेटावर होडी जाते, पण ओहोटीला वाळूवरून चालतही जाता येते. समुद्राच्या तळावरून चालायची संधी मी थोडीच सोडणार? माझी मुलगी मृणाल डॉक्टर. तिला हॉस्पिटलचा फोन येणार होता, म्हणून ती किनाऱ्यावर गाडीतच थांबली. माझ्या हातात टाइड टेबल (भरती-ओहोटीचा तक्ता) देऊन म्हणाली, "बाबा, यात बघून वेळेत परत या." अकरा वर्षांच्या नातीला, इराला, घेऊन मी निघालो.

पबमधल्या बाईंनी राज्याची हकिकत सांगितली. पब चालवेल तो इथला राजा. त्याला जुन्या खुर्चीत बसवतात, हाती तलवार देतात आणि डोक्यावर बिअर ओततात.

"बिअर?" मी पुन्हा विचारले.

"भरपूर," त्या शांतपणे म्हणाल्या.

पुढचे ऐकून तर मी थक्कच झालो. किल्ला बांधला मठातल्या साधूंनी. पाचशे वर्षांपूर्वी एका लहान पोराला इंग्लंडचा खरा राजा म्हणून पुढे करून एक फौज इथेच उतरली. लढाई हरल्यावर त्या पोराला राजवाड्याच्या स्वयंपाकघरात कामाला ठेवले. मी वहीत भराभर टिपून घेत होतो.

"आजोबा, साडेतीन वाजला. जाऊया ना," इरा म्हणाली.

"अजून तास आहे. तक्ता ग्रीनविचच्या वेळेचा असतो. उन्हाळ्यात इथली घड्याळं पुढे, म्हणून एक तास मिळवायचा."

"पण खाली छोटा लिहिलाय. एक अवर ऑलरेडी अ‍ॅड केलाय म्हणून."

चष्मा पिशवीत होता. तो काढायचे कष्टही न घेता मी म्हणालो, "इरा, हे मी तीस वर्षं शिकवलंय."

चारला निघालो. निम्मी वाळू ओलांडली आणि पाणी आले. लाट नाही, आवाज नाही, नुसते वाळूतले चर भरत गेले. आधी घोटे बुडाले, मग गुडघे. समोर मृणालची गाडी दिसत होती, म्हणून मी इराचा हात धरून पुढेच ओढत राहिलो.

"पुढे डीप आहे. मागे चला."

"थोडंच राहिलंय."

"नाही, आजोबा. मागे."

मी वळून पाहिले. पाणी तिच्या कमरेला लागले होते. पोटच्या पोरीची पोर मी माझ्या हाताने बुडवायला निघालो होतो. मग ती पुढे झाली आणि तिच्या मागून मी बेटावर परत आलो.

पबमधल्या बाईंनी आम्हाला ब्लँकेटे दिली आणि मृणालला फोन लावला. होडीने आम्हाला दुसऱ्या धक्क्यावर सोडले. तिथे मृणाल गाडीने वळसा घालून आली होती. तिने इराला घट्ट धरले ते बराच वेळ सोडले नाही.

"चूक माझी," मी म्हणालो. "इराने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

गाडीत इरा मागे झोपून गेल्यावर मृणाल म्हणाली, "बाबा, सातवीत मी तुमच्याच वर्गात होते. फळ्यावरचं काहीतरी चुकलंय म्हणून मी हात वर केला होता. तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत."

"काय चुकलं होतं?"

"ते नाही आठवत. बाहेर उभी होते ते आठवतं."

कॉव्हेंट्री येईपर्यंत मी तो दिवस आठवून पाहिला. साताऱ्याला येऊन महिना झाला, अजून आठवून पाहतो. मला काहीही आठवत नाही.