गुरुवारची मंडळी बघायला चाकणला

सांगवीहून चाकण काही परदेश नाही, पण मी जायचं टाळतच होते. कारण माझी लेक रूथ, आमची रुथा. ती चाकणजवळ महाळुंग्याला मंडळी, म्हणजे छोटं चर्चच, चालवते, आणि उपासना ठेवते गुरुवारी! अहो, ख्रिस्ती माणसाची उपासना रविवारी. चौथीतून शाळा सुटली माझी, पण एवढं मला कळतं.

मग तिचा फोन आला. "आई, या गुरुवारी प्रेषित येताहेत. त्यांना पटलं तर मला पाळक नेमतील. पण रविवारीच करा म्हणाले, तर माझी मंडळी मोडेल गं."

आमच्या जुन्या मंडळीत प्रेषित म्हणजे येशूचे बारा शिष्य, ते कधीच गेले. हिच्याकडं आजही प्रेषित असतात म्हणे! म्हटलं, बघून तरी यावं.

तुम्ही गेलात तर भोसरीहून एसटीच धरा, बायकांना अर्धं तिकीट आहे. मोशीच्या पुढं कंटेनरची ही रांग! पाणी जवळ ठेवा. मी धपाटे नेले होते, ते शेजारच्या बीडच्या बाईनंच जास्त खाल्ले, आणि वर म्हणाली, "मीठ कमी हाय, मावशी." चाकणला चौकातून शेअर रिक्षा मिळते. भाडं आधी विचारा.

मंडळी म्हणजे पंक्चरच्या दुकानामागं पत्र्याची शेड. बाहेर सेफ्टी बुटांचा ढीग, आत एक पंखा. निम्मी माणसं रात्रपाळी करून थेट आलेली, पण गात होती अशी, की पत्रा थरथरत होता. मला वाटलं, प्रेषित मोठ्या गाडीतून उतरतील. ते आले माझ्याच मागच्या रिक्षातून, घाम पुसत. लातूरकडचे.

"रुथा, हेच का?"

"हळू बोल ना, आई!"

ते उभे राहून म्हणाले, "प्रेषित पौलानं गावोगाव मंडळ्या लावल्या, त्या सांभाळायला वडीलधारी माणसं नेमली अन् पुढं गेला. माझं काम बी तेवढंच. मालक व्हायला न्हाई आलो. शिकवण नीट हाय का बघतो, माणूस नेमतो, निघतो. रूथबाईंना नेमायला कुणाची हरकत?"

रुथा माझ्याकडं बघत होती, कारण माझा हात वर गेला होता.

"बोला, आजी."

"बाकी सगळं छान आहे. पण वार चुकतोय."

संतोष नावाचा वेल्डर होता, तो म्हणाला, "आजी, कंपनीची सुट्टी गुरुवारी. रविवारी सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणतो, देवालाच सांग तुझ्या जागेवर उभं राहायला."

सगळे हसले. प्रेषित नाही हसले. मला म्हणाले, "तुमीच विचारा, रविवारी कोण कोण येऊ शकतं."

मी वळून विचारलं. दोन हात वर झाले, त्यातला एक रुथाचाच. बाकीचे खाली मान घालून बसले, जणू त्यांचाच गुन्हा.

"अहो, मग गुरुवारच असू द्या की!" मीच ओरडले.

रुथा गुडघ्यावर बसली. प्रेषितांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मलाही हात ठेवायला बोलावलं. घामानं तिचे केस ओले होते, शाळेच्या वेण्या घालताना असायचे तसेच. मला रडूच आलं.

संपलं वाटलं, तर त्यांनी माझ्याच डोक्यावर हात ठेवला. "हितल्या लेकरांना बायबलातल्या गोष्टी सांगायला माणूस न्हाई. आजी, तुमाला धाडतो."

चहा पिऊन ते निघालेसुद्धा. शेडवर त्यांच्या नावाची पाटी नाही, काही नाही.

घरी आल्यावर पाय दुखले, धपाट्यांचा डबा एसटीत राहिल्याचं कळलं, पण सुनेला सगळं दोनदा सांगून झालं. रविवारी आमच्या पाळकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "आजी, प्रेषित बाराच होते."

"असतील बाई," मी म्हटलं, "पण पास्टर, आता गुरुवारी मला काही सांगू नका. मला चाकणला जायचं असतं."