दाण्यांचं रबर

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे 'उशी' म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. नळ कोरडा, पाणी गढूळ, बिल दुप्पट. माणूस येऊन तोंडाचा पट्टा सोडायचा, बाई निमूटपणे फॉर्म पुढे सरकवायच्या आणि बोलणाऱ्याला आपलंच बोलणं ऐकू येऊन लाज वाटायची.

जेवणाच्या सुट्टीत मीटरच्या खोलीत टेबल टेनिस चाले. तिथेही बाई अशाच. त्यांच्या बॅटच्या दोन्ही बाजूंना बारीक लांबट दाण्यांचं जुनं रबर होतं. ते चेंडूला पकडत नाही. समोरच्याने दिलेली फिरकी चेंडूत तशीच राहते आणि उलटी होऊन त्याच्याच अंगावर येते. जितका जोर लावाल तितका चेंडू खाली बसणार. बाईंनी फक्त बॅट वाटेत धरायची.

"ताई, तुम्ही खेळत नाही हो, आरसा धरता," मीटर तपासनीस कुरकुरायचा. तो तरुण, दणकट. हरला की स्वतःच्या बॅटकडे संशयाने बघणारा.

आंतरकार्यालयीन स्पर्धेच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती या दोघांपैकी एकाची होती. मंगळवारच्या सामन्यात ठरायचं होतं. बाई इतकी वर्षं राखीव खेळाडू म्हणून पिशव्या सांभाळत आल्या होत्या. सहा महिन्यांनी निवृत्ती. ही शेवटचीच संधी.

सोमवारी सकाळी सुनेने बॅट त्यांच्या हातात ठेवली. एक बाजू लाल, एक काळी, दोन्ही गुळगुळीत. बोट टेकवलं तर चिकटेल अशा.

"जुने दाणे पार झिजले होते हो, आई. ते रबर मीच काढलं, मीच नवं चिकटवलं. कसं आहे?"

"छान आहे," बाई म्हणाल्या. सासू झाल्यापासून त्यांनी या घरात दुसरं उत्तर दिलंच नव्हतं.

दुपारी सरावाला तपासनीसाचा पहिला फटका त्यांनी नेहमीसारखा अडवला. चेंडू रबराने पकडला आणि उंच उडून फाइलींच्या कपाटावर जाऊन बसला. दुसरा पंख्याला लागला. खालून कापून, उलटी फिरकी देऊन टाकलेला चेंडू आला, तो सरळ जाळ्यात. अकरा-तीन.

"आरसा फुटला की काय, ताई?" तो म्हणाला. मग जरा ओशाळून, "उद्या मी सोडणार नाही, आधीच सांगतो."

"सोडू नकोस."

संध्याकाळी सून शिलाई मशीनवर बसली होती. "कसं झालं?"

'छान' अगदी ओठांवर आलं होतं.

"हरले," बाई म्हणाल्या. "त्या रबराने माझा खेळ गेला. मला जुनं हवंय."

मशीन थांबलं. "मग सकाळी छान कशाला म्हणालात?"

"जुनं कुठे आहे?"

सून आपल्या पायांकडे बघत राहिली. चालवताना मशीन सरकायचं, म्हणून तिने दोन्ही रबरं मधोमध कापून मशीनच्या चारी पायांखाली घातली होती. दाणे खाली.

"काय घट्ट बसलंय म्हणून सांगू," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

बाई खुर्चीत टेकल्या.

"चिडा ना!" सूनच चिडली. "तुम्ही गप्प बसता आणि मी आठ-आठ दिवस विचार करत बसते, आपलं काय चुकलं म्हणून."

"चिडलेच आहे मी."

"मग दिसू दे की!"

जेवणाच्या टेबलावर पुस्तकांची आडवी भिंत झाली. सुनेने भाजी चिरायची फळी घेतली. बाईंचे पहिले चार चेंडू ओट्यावर गेले. मग त्यांच्या लक्षात आलं, हे रबर दुसऱ्याचं परत देत नाही, आपण काय घालू ते घेतं. वेगाने येणाऱ्या चेंडूवर बॅट झाकणासारखी कलती धरायची. कापलेला आला तर जरा उघडायची, आणि चेंडू ठोकायचा नाही, खालून वर घासत न्यायचा, भांड्याची कड पुसावी तसा. तसा पुसलेला चेंडू पुस्तकांवरून गेला, बाहेर जाणार असं वाटेतो खाली वळला, टेबलाच्या काठावर पडला आणि उसळून सुनेच्या पोटावर आदळला.

"अगं बाई! लागलं का गं?"

"लागलं," सून पोट चोळत म्हणाली. "आणखी एक मारा."

मंगळवारी पहिला डाव तपासनीसाने घेतला, दुसरा बाईंनी. तिसऱ्यात अकरा-दहा, बाई एका गुणाने पुढे; आणखी एक मिळाला की सामना त्यांचा. त्याने शहाणपणाने चेंडू कापून हळूच टाकला. बाईंनी गुडघे वाकवले आणि खालून पुसला. जाळ्यावरून उंच आलेला चेंडू बघून, बाहेर जाणार म्हणून तपासनीसाने बॅट वर उचलली. चेंडू वळला, काठावर टेकला आणि त्याच्या काखेखालून निघून गेला.

तो वळून चेंडूकडे बघत राहिला.

"उशीत वीट कधी भरलीत, ताई?"

ते नाव तोंडावर पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले.

"काल संध्याकाळी," बाई रबर पदराने पुसत म्हणाल्या. "सुनेने भरायला लावली."

आणि त्या खिडकी उघडायला गेल्या.